उपमा आणि रूपक यांमधील सीमारेषा : एक तौलनिक इतिहास

मराठी समीक्षेत ‘मेटॅफर’ या पाश्चात्त्य संज्ञेसाठी ‘रूपक’ हा प्रतिशब्द आता इतका रूढ झाला आहे की, तो प्रतिशब्द आहे याचेही भान सहसा राहत नाही. ‘सिमिली’ म्हणजे उपमा आणि ‘मेटॅफर’ म्हणजे रूपक हे समीकरण शालेय व्याकरणापासून विद्यापीठीय प्रबंधांपर्यंत गृहीत धरलेले आढळते. हे समीकरण सोयीचे असले, तरी तौलनिक साहित्याभ्यासात त्यातून दोन गैरसमज निर्माण होतात. पहिला असा की, पाश्चात्त्य विचारात ‘मेटॅफर’ला जे मध्यवर्ती स्थान आहे ते संस्कृत काव्यशास्त्रात रूपकाला नाही, तेव्हा भारतीय परंपरेचा या विषयावरील विचार तोकडा असला पाहिजे. दुसरा असा की, मध्ययुगीन मराठी ग्रंथ, विशेषतः ‘ज्ञानेश्वरी’, उपमाबहुल आहेत. आणि उपमा ही ‘मेटॅफर’ची प्राथमिक, सैल अवस्था असल्यामुळे ही प्रतिमासृष्टी विपुल असली तरी सरळसाधी म्हटली पाहिजे. दोन्ही अनुमानांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : उपमा आणि रूपक यांमधील सीमारेषा सर्व भाषांत एकाच ठिकाणी आखलेली आहे. प्रस्तुत निबंधात या गृहीताची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

१. एक शब्द, चार अर्थ

‘रूपक’ हा शब्द मराठीत आज निदान चार अर्थांनी वावरतो. नाट्यशास्त्राच्या परंपरेत तो दृश्य काव्याचा वाचक आहे. धनंजयाच्या दहाव्या शतकातील ‘दशरूपक’ या ग्रंथनामात हाच अर्थ आहे. अलंकारशास्त्रात ते एका विशिष्ट अर्थालंकाराचे नाव आहे. वि. स. खांडेकरांनी मराठीत रुजविलेल्या ‘रूपककथे’त तो ‘ॲलिगरी’च्या जवळ जातो. चौथा अर्थ ‘मेटॅफर’चा असून तो सर्वांत अलीकडचा आहे.

यांपैकी पहिले दोन अर्थ परस्परांना परके नाहीत. नाट्याला रूपक का म्हणावे, याचे कारण धनंजय ‘समारोप’ या शब्दाने सांगतो : नटावर रामादींच्या अवस्थेचा आरोप केला जातो म्हणून ते रूपक. अलंकारातील रूपकही आरोपावरच उभे असते. मुखावर चंद्रत्वाचा आरोप होतो तेव्हा रूपक सिद्ध होते. आरोपाची एक अट मात्र दोन्ही ठिकाणी समान आहे. ज्यावर आरोप करावयाचा ते समोर असले पाहिजे. नट दिसतो आणि राम प्रतीत होतो, तोवर नाट्य. नट दिसेनासाच झाला तर उरेल ती भ्रांती. आणि भ्रांतीसाठी अलंकारशास्त्रात ‘भ्रांतिमान’ हे वेगळे नाव आहे. रूपकात उपमेय आणि उपमान ही दोन्ही पदे उच्चारलेली असावी लागतात, या नियमाचे मर्म येथे आहे. ‘मेटॅफर’वर असे कोणतेही बंधन नाही.

२. ‘सारखे’ आणि ‘नव्हे’

सादृश्याचा भारतीय विचार काव्यशास्त्रापासून सुरू होत नाही. तो वेदार्थनिर्णय आणि व्याकरण यांपासून सुरू होतो. यास्काच्या ‘निरुक्ता’तील तिसऱ्या अध्यायात उपमेचे विवेचन आले आहे. तेथे गार्ग्य नावाच्या पूर्वाचार्याची व्याख्या नोंदविलेली आहे : जे ‘ते’ नव्हे, परंतु त्याच्यासारखे आहे, त्याच्याशी दिलेले साम्य म्हणजे उपमा. व्याख्येचा आरंभच नकाराने व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. उपमा साम्य सांगते, पण भेदाची जाणीव राखून सांगते.

वैदिक भाषेत या जाणिवेचा एक विलक्षण पुरावा सापडतो. ‘न’ हे अव्यय लौकिक संस्कृतात केवळ निषेधवाचक आहे. वेदात मात्र ते निषेधवाचकही आहे आणि उपमावाचकही. अर्थ कसा ठरवावयाचा, याचा निकष यास्क देतो : निषेधाचा ‘न’ ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधी येतो आणि उपमेचा ‘न’ उपमानाच्या नंतर येतो. एकच ध्वनी ‘नव्हे’ आणि ‘सारखे’ असे दोन्ही अर्थ वाहतो व त्यांतील निवड केवळ स्थानावरून होते. पुढच्या दोन हजार वर्षांच्या अलंकारचर्चेत भेद आणि अभेद यांचा जो ताळमेळ साधला गेला, त्याचे बीज या लहानशा अव्ययात पाहता येते.

पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त उपमेला व्याकरणिक रूपे दिली. उपमानवाचक शब्दाचा साधारणधर्मवाचक शब्दाशी समास होतो, म्हणून ‘घनश्याम’. उपमेयवाचकाचा ‘व्याघ्र’ आदी शब्दांशी समास होतो, मात्र साधारण धर्म उच्चारलेला नसेल तरच, म्हणून ‘पुरुषव्याघ्र’. शौर्याचा स्पष्ट उल्लेख केला की हा समास होत नाही. उपमेत काय बोलावयाचे आणि काय न बोलता सोडावयाचे, हा प्रश्न व्याकरणानेच प्रथम नेमका मांडला. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पूर्णोपमेचे सहा आणि लुप्तोपमेचे एकोणीस असे एकूण २५ प्रकार केले, ते बहुतांशी पाणिनीच्या प्रत्ययांच्या व समासांच्या आधाराने.

३. दोन परंपरा, दोन उलट दिशा

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. सातव्या-आठव्या शतकांत भामह आणि दंडी यांच्या ग्रंथांत ही संख्या वाढली व उपमेचा विचार सूक्ष्म झाला. भामहाने मेधावी या पूर्वाचार्याच्या आधारे उपमेचे सात दोष सांगितले. दंडीने ‘काव्यादर्शा’त उपमेचे ३२ प्रकार दिले आणि रूपकाची व्याख्या उपमेच्याच आधारे केली : ज्या उपमेतील भेद झाकला गेला आहे ती उपमा म्हणजे रूपक. इ. स. ८००च्या सुमारास काश्मीरमध्ये वामनाने याच्याही पुढे जाऊन सर्व अर्थालंकार हा उपमेचाच प्रपंच मानला.

ग्रीक परंपरेशी याची तुलना केली असता दिशा उलट असल्याचे दिसते. ॲरिस्टॉटलच्या मते सिमिली हीदेखील मेटॅफरच होय. फरक थोडा आहे. ‘हे ते आहे’ असे सिमिली म्हणत नाही, तिचा विस्तार अधिक असतो, म्हणून तिच्यापासून मिळणारा आनंद कमी. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या व्यवस्थेत मेटॅफर ही जाती आणि सिमिली तिची उपजाती. दंडीच्या व्यवस्थेत उपमा ही प्रकृती आणि रूपक तिची विकृती. पहिल्या शतकातील रोमन आचार्य क्विंटिलियनने मेटॅफरला संक्षिप्त सिमिली म्हटले तेव्हा तो दंडीच्या अधिक जवळ होता, असे म्हणता येईल. परंतु युरोपातील नंतरच्या विचारावर, विशेषतः आधुनिक काळात, मेटॅफरच्या श्रेष्ठत्वाची छाया राहिली.

उपमेचे मातृत्व ही केवळ संस्कृतातील कल्पना नव्हती. तमिळमधील ‘तोल्काप्पियम्’ या ग्रंथाच्या अर्थविषयक भागात उपमेला एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील ‘उळ्ळुरै उवमम्’ या संकल्पनेत तर नायक-नायिकेचे नावही न घेता केवळ भूप्रदेशातील प्राणी-वनस्पतींचे वर्णन येते आणि सादृश्य श्रोत्याने ओळखावयाचे असते. आधुनिक समीक्षक ज्याला प्रतीक किंवा मेटॅफर म्हणतील, त्याला तमिळ परंपरा उपमाच म्हणते. पुढे दंडीचा ‘काव्यादर्श’ कन्नडमध्ये ‘कविराजमार्गा’च्या रूपाने नवव्या शतकात, तमिळमध्ये ‘तंडियलंकारम्’ म्हणून, सिंहलीत ‘सियबस्लकर’ म्हणून आणि तेराव्या शतकात तिबेटी अनुवादातून पोहोचला. उपमेला मूलस्थानी ठेवणारी विचारपद्धती अशा रीतीने उपखंडाच्या सीमेपलीकडेही गेली.

४. ‘मेटॅफर’ कोठे गेली?

ॲरिस्टॉटलच्या व्याख्येनुसार मेटॅफर म्हणजे एका वस्तूचे नाव दुसरीला देणे. त्याने तिचे चार प्रकार सांगितले : जातीचे नाव व्यक्तीला, व्यक्तीचे जातीला, एका व्यक्तीचे दुसरीला आणि प्रमाणसाम्यावरून. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत सादृश्याचा संबंधच नाही. भारतीय विचारात असे नामांतरण अलंकारात मोडत नाही. ते शब्दशक्तीच्या क्षेत्रात, म्हणजे लक्षणेत, मोडते. ‘हा बालक अग्नी आहे’ यासारख्या वाक्यांचा अर्थ मीमांसकांना वैदिक विधींच्या अर्थनिर्णयासाठी लावावा लागला. कुमारिलाने गुणसाम्यावर आधारलेली ‘गौणी’ वृत्ती सामान्य लक्षणेपासून वेगळी केली, ती याच गरजेतून.

एकट्या ‘मेटॅफर’ या नावाखाली युरोपीय परंपरेने जे एकत्र केले, ते भारतीय परंपरेने निदान चार ठिकाणी वाटून ठेवले. दोन्ही पदे उच्चारून केलेला आरोप म्हणजे रूपक. उपमानाने उपमेय पूर्णपणे गिळून टाकले, मुखाचा उल्लेखही न करता ‘खिडकीत चंद्र उगवला’ असे म्हटले, की ती अतिशयोक्ती. हा व्यापार आरोपाचा नसून ‘अध्यवसाया’चा आहे. नित्याच्या बोलण्यात मुरलेले स्थलांतरित अर्थ म्हणजे रूढ लक्षणा. कुश तोडणारा तो ‘कुशल’, हे मम्मटाचे उदाहरण किंवा मराठीतील ‘राग गिळणे’, ‘वेळ घालवणे’ हे प्रयोग या वर्गातले. आणि लक्षणेचे जे प्रयोजन केवळ सूचित होते, ते ध्वनीचे क्षेत्र. १९८० साली लेकॉफ आणि जॉन्सन यांनी दैनंदिन भाषेतील ज्या मेटॅफरकडे लक्ष वेधले, तिचा भारतीय पत्ता रूपकाच्या नव्हे, रूढ लक्षणेच्या प्रकरणात आहे. रूपकाच्या प्रकरणात ती सापडली नाही म्हणून परंपरेला तिची जाणीवच नव्हती, असे म्हणणे चुकीचे ठरते.

या चार घरांमध्ये दळणवळण नव्हते असे नाही. वामनाने सादृश्यमूलक लक्षणेलाच ‘वक्रोक्ती’ म्हटले. कुंतकाने दूरच्या वस्तूंतील धर्मसंक्रमणाला ‘उपचारवक्रता’ हे नाव देऊन रूपकादी अलंकारांचे मूळ तीत पाहिले. ‘मेटॅफर’च्या सर्वांत निकट जाणाऱ्या भारतीय संज्ञा शोधावयाच्या तर त्या या दोन होत.

अरबी-फारसी परंपरेने सीमारेषा आणखी वेगळ्या ठिकाणी आखली. अकराव्या शतकातील अब्द अल-काहिर अल-जुर्जानी याच्या विवेचनात आणि पुढे फारसी-उर्दू ‘बलागत’शास्त्रात ‘तशबीह’ आणि ‘इस्तिआरा’ असा भेद येतो. इस्तिआरा म्हणजे उसनवारी. तीत दोन पदांपैकी एक अनुच्चारित असले पाहिजे. म्हणून ‘झैद सिंह आहे’ हे वाक्य तेथे सारखेपणाचा वाचक शब्द नसतानाही तशबीहच राहते. तेच वाक्य संस्कृत आलंकारिकाला रूपक वाटेल आणि इंग्रजी समीक्षकाला मेटॅफर. इस्तिआऱ्याला संस्कृतातील जवळचा शब्द रूपक नव्हे, अतिशयोक्ती आहे. वाक्य एकच; परंतु सीमारेषा तीन.

बाराव्या शतकात रुय्यकाने ‘अलंकारसर्वस्वा’त सादृश्यमूलक अलंकारांची जी मांडणी केली, तिच्यामुळे ही गुंतागुंत तत्त्वाच्या पातळीवर उलगडते. भेद आणि अभेद तुल्यबळ असतील तर उपमा; अभेद प्रधान असेल तर रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती; भेद प्रधान असेल तर व्यतिरेक. येथे उपमा ही कच्ची अवस्था नाही. दोन्ही बाजूंचा तोल राखणारे ते मध्यस्थान आहे. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षिताने ‘चित्रमीमांसे’त उपमेला नटीची उपमा दिली, एकच नटी नाना भूमिका घेते, तशी उपमा नाना अलंकारांच्या रूपाने वावरते. मुख चंद्रासारखे, मुख हाच चंद्र, हे मुख की चंद्र, हे मुख नव्हे चंद्रच, चंद्र मुखासारखा, मुख मुखासारखेच : वस्तू दोनच, पण भेदाभेदाचे प्रमाण बदलले की उपमा, रूपक, संदेह, अपह्नुती, प्रतीप, अनन्वय अशी अलंकारांची नावे पालटत जातात.

५. रचनेचे शिक्षण

सादृश्य ओळखणे आणि सादृश्य निर्माण करणे हे दोन वेगळे व्यापार आहेत. मेटॅफरवरील प्रभुत्व दुसऱ्यापासून शिकता येत नाही, ते प्रतिभेचे लक्षण होय, असे ॲरिस्टॉटलने म्हटले. भारतीय परंपरेने प्रतिभा मान्य केली. पण शिक्षणाची वाटही मोकळी ठेवली. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून कविशिक्षेच्या ग्रंथांची जी शाखा सुरू झाली, तिच्यातील तेराव्या शतकातील गुजरातमधील अमरचंद्राची ‘काव्यकल्पलतावृत्ती’ विशेष उल्लेखनीय आहे. छंद, शब्द, श्लेष आणि अर्थ अशा चार विभागांतील या ग्रंथात रंग, आकार, क्रिया अशा धर्मांनुसार उपमानांच्या याद्या दिल्या आहेत. शुभ्र वस्तू कोणत्या, वर्तुळाकार कोणत्या, तीक्ष्ण कोणत्या, याची ही कोष्टके म्हणजे साधारण धर्माकडून उपमानाकडे जाण्याचा अभ्यासमार्ग होय. १६०१ साली ओरछा येथे केशवदासाने ‘कविप्रिया’ हा ब्रजभाषेतील ग्रंथ रचला, तेव्हा हीच पद्धत देशी भाषेच्या अध्यापनात आली.

अशा याद्यांतून सांकेतिकता वाढली, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परंपरेला तो अपरिचित नव्हता. नवव्या शतकातच आनंदवर्धनाने अलंकारयोजनेचे निकष सांगितले होते : अलंकार रसाचे अंग म्हणून यावा, योग्य वेळी घ्यावा, योग्य वेळी सोडावा, शेवटपर्यंत रेटण्याचा हट्ट धरू नये, आणि त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागू नये. यादी उपमान पुरवील. ते कधी सोडावे हे यादी सांगू शकत नाही.

६. मराठी : दोनपणाचा आग्रह

या पार्श्वभूमीवर तेराव्या शतकातील मराठीकडे पाहिले असता तिची वाट स्वतंत्र असल्याचे जाणवते. संस्कृतातील रूपक मोठ्या प्रमाणावर समासावर अवलंबून असते, आणि समासात संदिग्धता असते. ‘मुखचंद्र’ हा समास उपमेचा की रूपकाचा, हे वाक्यातील क्रियेवरून ठरवावे लागते : मुखचंद्राचे चुंबन घेतले तर उपमा, कारण चुंबन मुखाचेच संभवते, मुखचंद्राने अंधार पळविला तर रूपक. मराठी गद्याला आणि ओवीला असे दीर्घ समास मानवणारे नव्हते. त्यामुळे ‘जैसा–तैसा’ आणि ‘तोचि’ यांसारख्या उघड शब्दांनी सादृश्य किंवा अभेद सांगणे अपरिहार्य झाले. भाषेची ही अडचण दोन मोठ्या लेखकपरंपरांनी सामर्थ्यात बदलली.

पहिली महानुभावांची. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची रचना तिहेरी आहे : चक्रधरांचे सूत्र, चक्रधरांनीच सांगितलेला दृष्टांत आणि केसोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक. न्यायदर्शनातही दृष्टांत हा सोळा पदार्थांपैकी एक आहे आणि उपमान हे स्वतंत्र प्रमाण आहे. गाईसारखा असतो तो ‘गवय’, असे ऐकलेल्या माणसाला अरण्यात गवय ओळखता येतो. महानुभाव रचनेचे नाते अलंकारशास्त्रापेक्षा या ज्ञानव्यापाराशी अधिक आहे. हत्ती आणि जन्मांध यांची पाली ‘उदाना’तही आढळणारी कथा ‘दृष्टांतपाठा’त येते, तेथे कथा संपल्यावर तिचे कोणते अंग कोठे लावावयाचे, हे दार्ष्टांतिक नेमकेपणाने सांगते. सादृश्य मोकळे सोडले तर साधकाची दिशा चुकेल, ही दक्षता त्यामागे दिसते. सूचकता हेच ज्यांना काव्यमूल्य वाटते, त्यांना हे गद्य रुक्ष वाटेल. परंतु येथे प्रश्न रसाचा नसून ज्ञानाच्या खरेपणाचा आहे.

दुसरी परंपरा ज्ञानेश्वरांची. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या आहेत. आरंभीचे गणेशवर्णन हे सांगरूपकाचे शास्त्रशुद्ध उदाहरण होय. सहा दर्शने हे सहा हात, तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, वेदांत हा मोदक, आणि वार्तिकांनी खंडित केलेले बौद्धमत हा मोडका दात, अशी वाङ्मयाच्या सर्व अंगांची गणेशाच्या अवयवांशी जोडी लावली आहे. येथे एकही उपमेय गिळले गेलेले नाही. प्रत्येकाचे नाव घेऊन अभेद सांगितला आहे. हे रूपक ‘मेटॅफर’च्या अपेक्षेने वाचणाऱ्याला अतिस्पष्ट वाटते, आरोपाच्या नियमाने वाचणाऱ्याला ते चोख वाटते.

परंतु ग्रंथाचा मोठा विस्तार व्यापला आहे तो उपमांच्या मालांनी. एका आशयासाठी तीन-तीन, चार-चार उपमा देण्याचे कारण केवळ श्रोत्यांची सोय हे नव्हे. एकच उपमान दिले तर आशय त्याला चिकटून बसतो. लागोपाठ अनेक दिली की प्रत्येकाचे अपुरेपण पुढचे उपमान दाखवून देते. आनंदवर्धनाने सांगितलेला ‘सोडण्या’चा विवेक येथे रचनेचाच भाग झाला आहे.

या पद्धतीची खरी कसोटी ‘अमृतानुभवा’त लागते. उपमेला दोन वस्तू लागतात, आणि ग्रंथाचा विषय आहे अद्वैत. शिव-शक्तींचे ऐक्य सांगताना रूपकाचा, म्हणजे अभेदारोपाचा, आश्रय स्वाभाविक ठरला असता. पहिल्या प्रकरणात ज्ञानेश्वर मात्र उपमांची वाट धरतात आणि उपमाने अशी निवडतात की, ज्यांत दोनपण केवळ दिसण्यापुरते असते : फुले दोन असून गंध एकच असावा, डोळे दोन असून पाहणे एकच असावे, अशा जोड्यांची. वाक्याची रचना ‘जसे–तसे’ म्हणून भेद राखते आणि उपमानाचा आशय तो भेद नाहीसा करतो. दोनपण दिसते, पण टिकत नाही, हा सिद्धांतच अशा रीतीने वाक्याच्या घडणीत उतरला आहे. थेट रूपक योजले असते तर अभेद आरंभीच घोषित झाला असता. भेद मावळताना पाहण्याचा अनुभव श्रोत्याला मिळाला नसता. म्हणून येथील उपमा ही ‘मेटॅफर’पर्यंत न पोहोचलेली अवस्था नव्हे, या आशयाला तीच आवश्यक होती.

७. भाषांतरातील परिणाम

सीमारेषेचा हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही, हे भाषांतरात विशेष जाणवते. मराठी ओवी इंग्रजीत नेताना पुन्हा पुन्हा येणारा ‘जैसा–तैसा’ कंटाळवाणा वाटणे शक्य आहे. तो गाळून थेट ‘मेटॅफर’ करण्याचा मोह होतो. ओळ सुटसुटीत होते, पण ‘अमृतानुभवा’सारख्या ग्रंथात तिच्यातील तर्क नाहीसा होतो. उर्दूत नेताना अशाच ओळीचा इस्तिआरा केला तर उपमेय गळते आणि विवेचनाचा धागाच तुटतो. तमिळ वाचकाला मात्र उपमेचे प्राधान्य खटकणार नाही. कारण त्याच्या परंपरेत अनुच्चारित सादृश्यही उपमाच आहे. एकाच मूळ संहितेचे तीन भाषांतील भवितव्य असे तीन प्रकारचे होते.

१९३६ साली आय. ए. रिचर्ड्सने मेटॅफरच्या दोन अंगांना स्वतंत्र नावे दिली, तेव्हा ती दोन्ही मिळून मेटॅफर होते व अर्थ त्यांच्या परस्परक्रियेतून निघतो, या गोष्टीवर त्याचा भर होता. उपमेय आणि उपमान ही जोडी वापरणाऱ्या परंपरेला दोन अंगांचे भान नवे नव्हते. तिने या अंगांतील भेदाभेदाचे प्रमाण मोजण्याचे साधनही तयार केले होते. तौलनिक अभ्यासात ‘मेटॅफर’ला एकच भारतीय प्रतिशब्द शोधण्यापेक्षा, प्रत्येक स्थळी उपमेय उच्चारलेले आहे की नाही, आरोप आहे की अध्यवसाय, भेद कितपत राखला आहे, हे तीन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. ‘रूपक’ हा शब्द त्याच्या मूळ, मर्यादित आणि नेमक्या अर्थाने वापरला जावा, आणि ‘मेटॅफर’साठी संदर्भानुसार रूपक, अतिशयोक्ती, लक्षणा किंवा उपचारवक्रता यांपैकी योग्य संज्ञा निवडली जावी. यात गैरसोय आहे. परंतु या गैरसोयीमुळेच ‘दृष्टांतपाठा’ची नेमकेपणाची शिस्त आणि ‘अमृतानुभवा’तील उपमेचे कार्य ही दोन्ही दिसू लागतात.